जावळ

मार्चची सोळा तारीख. काल कायद्याने हिवाळा संपला,
डोंगराला अजून कुणी सांगितलेलं नाही.
तोल्मीनच्या खालच्या अंगाला, नदीकडे पाठ केलेल्या गॅरेजात
येर्नेय गेल्या उन्हाळ्याची चार टायरं ओळीने मांडतो
आणि काही बोलत नाही.

नेझ्का सुईण आहे. गाडी दोन सीटची, निळी, बुटकी,
तीन मालक फिरून आलेली.
खोऱ्यातल्या बायका म्हणतात, तिचा आवाज आला
की कळ थोडी थांबते.
(खरं नाही. पण म्हणतात.)

येर्नेय आतल्या कडेवरून अंगठा फिरवतो.
"त्र्नोवोच्या वळणाला तू ब्रेक लावत नाहीस."
"लावते."
"उशिरा लावतेस."
एक युरोचं नाणं तो खाचेत उभं करतो:
सोनेरी कडा सगळी बाहेर.
"एक उन्हाळा, नेझ्का. एकच."

तिला टिकणारी हवीत.
दरवर्षी या स्टुलावर बसून मशीनची जळकट कॉफी प्यायची, नको.
"तीन उन्हाळे जातील अशी दे.
चार गेली तर केक आणीन."

तो दोन टायरं भिंतीला टेकवतो.
हे मऊ. रस्ता घट्ट धरतं
आणि सोडताना दर वेळी स्वतःतलं थोडं
तिथेच ठेवून येतं.
हे कडक. साठ हजार जाईल, कुरकुर न करता,
फक्त तुझी गाडी तुला ओळखू येणार नाही.
कडेवर कोरलेले आकडे: दोनशे. पाचशे.
"म्हणजे पाचशेवालं अडीचपट चांगलं?"
"अडीचपट उशिरा झिजतं.
चांगलं कशाला म्हणायचं, ते तू ठरव."

ती ठरवत नाही. तिला दुसरंच आठवतंय:
सप्टेंबर, बोवेत्सच्या पुढे, डांबरावरून आडवा वाहणारा पाऊस,
टायरं संपत आलेली, म्हणून ती सांभाळून,
अगदी शहाण्यासारखी चालवत गेली
आणि नऊ मिनिटं उशिरा पोचली.
बाळ ठीक होतं. आई ठीक होती.
बाप स्वयंपाकघरातल्या फरशीवर
दोन्ही हात पुढे धरून बसला होता, रिकामे,
बाळ केव्हाच आईच्या छातीवर गेलं होतं, तरी.
त्या नऊ मिनिटांबद्दल तिला
कुणी कधी विचारलं नाही.

"ओल्यात?" ती विचारते.

येर्नेय डोकं खाजवतो, आत जातो,
तिसरंच घेऊन येतो. तीनशे चाळीस.
"कोरड्यात जरा कमी धरेल, घाटात कुणाशी शर्यत लावू नकोस.
ओल्यात मऊच्या बरोबरीने.
दोन उन्हाळे. अडीच, जर त्र्नोवोला ब्रेक..."
"लावते म्हटलं ना."
"हवा दर पंधरा दिवसांनी बघायची. चाकांचा कोन मी आजच सरळ करतो.
टायर अर्धं रबरामुळे टिकतं,
अर्धं बाकीच्या गोष्टींमुळे."

तीन बसवून झाली, तेव्हा फोन.
वर ड्रेझनित्साला. दुसरी खेप. कळा सहा मिनिटांवर.
"कोन राहिला," येर्नेय म्हणतो.
"उद्या."
तो चौथ्याचे नट आवळतो, गाडी खाली घेतो.

"पहिले दोनशे किलोमीटर सबुरीने!
साच्यातून निघताना अंगावर थर असतो एक,
नवं टायर निसरडं असतं."

ती हसते, आज पहिल्यांदा.
हे तिला सांगतोय.
पांढऱ्या लोण्यात माखून आलेली किती अंगं
या हातांवर उतरली,
निसरड्याला दोन्ही हात लागतात, एवढं तिला माहीत आहे.
वाकून ती पुढच्या चाकावरून बोट फिरवते:
रबराचे बारीक, उभे केस.
जावळ.
एका घाटात झडेल.

गाडी निघते. तिच्या हिवाळी टायरांवर
खडूने नाव लिहिता लिहिता येर्नेय कान देतो.
पुलापर्यंत आवाज हळू जातो.
पुलानंतर नाही.